आधी मोज, मग पूस

हे लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि तो अर्जही दुसऱ्याकडून भरून घेतलेला. एखाद्या माणसाविषयी चार पानं लिहायची तर तो माणूस नीट ओळखीचा हवा आणि भाषाही हाताशी हवी. माझ्याकडे दोन्ही अर्धवट आहे. तरी लिहितोय. कारण ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांच्याविषयी दुसरं कोणी लिहिणार नाही, आणि ते मला चालणार नाही.

त्यांची एक सवय सांगतो. संगणकावरची कुठलीही गोष्ट पुसायची वेळ आली की त्या दोन्ही हात कीबोर्डवरून उचलायच्या, तापलेल्या तव्यावरून उचलावेत तसे, आणि मांडीवर ठेवून द्यायच्या. मग पडदा वरपासून खालपर्यंत वाचायच्या. आणि शेजारी बसलेल्याला, म्हणजे बहुतेक वेळा मला, म्हणायच्या, "आधी मोज, मग पूस."

आमच्या कॉलेजच्या वसतिगृह कार्यालयात त्या कंत्राटी संगणक चालक होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. शिपाई मामा तेवढे बाई म्हणायचे. मूळच्या भंडाऱ्याकडच्या. लग्नानंतर पुण्यात आल्या, कर्वेनगरात दोन खोल्यांत राहिल्या, मुलीला शिकवलं. इतक्या वर्षांत पुण्याने त्यांची साडी नेसायची पद्धत बदलली असेल, बोलणं बदललं नाही. मी पहिल्या दिवशी कार्यालयात जाऊन दाराशीच उभा राहिलो, तर म्हणाल्या, "काय करून राहिला तिथं? दार तुझ्याशिवाय बी उभं राहते."

मी 'कमवा आणि शिका' योजनेतून तिथे लागलो होतो. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो, थोडं प्रोग्रामिंग येत होतं आणि जेवढं येत होतं त्यापेक्षा जास्त येतं असं मला वाटत होतं.

कामाचं थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. वसतिगृहात खोली हवी असणारी मुलं-मुली ऑनलाइन अर्ज भरतात. ते अर्ज रोज सकाळी एक प्रोग्राम आपोआप उचलतो. आधी सगळे एकत्र करतो. मग एकाच मुलाचे दोन-दोन अर्ज असतील तर जादाचे बाजूला काढतो. मग गाव किती लांब आणि गुण किती ते पाहून क्रम लावतो, आणि शेवटी यादी तयार होते. प्रत्येक पायरीवर एकेक फाइल तयार होते. या मधल्या फायली. यादी झाली की त्यांचा उपयोग संपतो, म्हणून प्रोग्रामच शेवटी त्या पुसून टाकतो. सगळीकडे असंच असतं.

मॅडमनी त्यात एक अट घातली होती. जेवढे अर्ज आत आले, तेवढे बाहेर दिसले पाहिजेत. निवडलेल्यांत, प्रतीक्षायादीत, नाहीतर नाकारलेल्यांत, पण नाकारण्याच्या कारणासकट. बेरीज जुळली तर मधल्या फायली पुसायच्या. एकाने जरी चुकली तर काही पुसायचं नाही, यादी लावायची नाही आणि मॅडमच्या मोबाइलवर मेसेज पाठवायचा. मेसेजमध्ये नाव नाही, गाव नाही, फक्त 'इतके कमी'. जुळेपर्यंत रोज सकाळी.

मी एकदा विचारलं, "मॅडम, एवढं कशाला? शेवटची यादी तर असतेच."

त्या डबा उघडत होत्या. म्हणाल्या, "पोळ्या मोजून डब्यात गेल्याशिवाय परात धुते का कोणी? एखादी खाली पडली असंल, तर कणीक कुठून आणशील?"

आमच्या अधीक्षक साहेबांना ही अट आवडत नसे. साहेब पक्के पुण्याचे. आवाज कधी चढायचा नाही, पण शब्द असा टाकायचे की समोरचा चहा ठेवून उठायचा. ते म्हणायचे, "अहो मॅडम, आपण लोकसभेची मतमोजणी करत नाही आहोत. खाटा वाटतोय, खाटा." आणि, "आपल्या त्या मधल्या फायलींनी सगळी डिस्क भरली आहे."

मॅडम म्हणाल्या, "पाहून सांगते."

दोन दिवसांनी त्यांनी साहेबांना पडद्यापाशी बोलावलं. डिस्क खरंच भरली होती, स्नेहसंमेलनाच्या चित्रफितींनी. एकाच सत्काराच्या नऊ प्रती होत्या. 'अंतिम', 'अंतिम नवी', 'खरोखर अंतिम'. मॅडम अगदी नम्रपणे म्हणाल्या, "साहेब, हे तुम्ही शाल घेऊन राहिले, डावीकडून. हे उजवीकडून. हे शाल पडली ते. कोणतं पुसू?"

साहेब म्हणाले, "शाल पडली ते आधी." मग केबिनमध्ये गेले. मामा पाणी द्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन हसून आले.

त्याच सुमाराला जादा डिस्क आणायला आम्ही दोघं बुधवार पेठेत गेलो होतो. गणपतीच्या दर्शनाची रांग ओलांडून आत गल्लीत गेलो. दुकानदाराने डिस्क बांधायला घेतली तर मॅडम म्हणाल्या, "थांबा. आधी लावून दाखवा." पिशवीतून आणलेल्या पेनड्राइव्हवरच्या हजारभर फायली तिच्यात घातल्या, परत काढल्या, मोजल्या. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. दुकानदार म्हणाला, "बाई, थोडा विश्वास ठेवा की माणसावर."

"ठेवते ना," मॅडम म्हणाल्या, "मोजून झालं की ठेवते."

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. आपण त्यांना कटकटी म्हणतो. मीही मनात म्हणायचो. म्हणून आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातं.

त्या वर्षी जादा अर्ज बाजूला काढायची पायरी मी नव्याने लिहिली. मॅडमची जुनी पायरी नाव, जन्मतारीख, आईचं नाव असं सगळं ताडून पाहायची आणि बाजूला काढलेल्या प्रत्येक अर्जाची नोंद ठेवायची. मला ती लांबण वाटली. मी विचार केला, मोबाइल नंबर प्रत्येकाचा वेगळा असतो. एकाच नंबरवरून दोन अर्ज आले म्हणजे माणूस एकच. पहिला ठेवायचा, बाकीचे गाळायचे. पाच ओळींत काम झालं. नोंदबिंद काही ठेवली नाही. मॅडम मुलीच्या आजारपणामुळे चार दिवस रजेवर होत्या, त्यातल्या शेवटच्या संध्याकाळी मी ती बसवूनही टाकली. साहेब म्हणाले, "वा, चपळ आहेस." मी गावी फोन करून आईला सांगितलं की साहेबांनी मला चांगलं म्हटलं.

मॅडम परत आल्या तो यादी लावायचा दिवस होता. पाच वाजता यादी फलकावर लागायची होती. दुपारपासून खिडकीबाहेर पालक उभे होते. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, कोणी भिंतीला टेकून बसलेलं. यादीच्या दिवशी प्रोग्राम हातानेच चालवायचा असे; दोन वाजता तो चालवला आणि मॅडमचा मोबाइल वाजला.

सत्तावीस कमी.

यादी अडली. मधल्या फायली तशाच राहिल्या. साहेब बाहेर आले. "काय झालं?"

"सत्तावीस अर्ज आत आले, बाहेर निघाले नाही," मॅडम म्हणाल्या.

"दुबार असतील. म्हणून गेले."

"असतील, का आहेत?"

"मॅडम, प्राचार्य पाच वाजता यादी मागतील. ती अट काढा, फायली पुसा, यादी लावा. तक्रार आली तर बघू."

"फायली पुसल्यावर काय बघाल साहेब? बघायला काही राहणार नाही."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "आपण कंत्राटी आहात, हे आपल्या लक्षात असेलच."

"मी आहे," मॅडम म्हणाल्या. "ही पोरं नाहीत."

आणि त्यांनी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

मग साहेब माझ्याकडे वळले. "तुझ्याकडे पासवर्ड आहे ना? तू कर."

इथे मला खरं सांगायचं आहे. माझी खोली त्याच वसतिगृहात होती. माझ्या कामाच्या तासांवर सही साहेबांचीच लागायची. खोली गेली असती तर पुण्यात माझं दुसरं कोणी नव्हतं. वडील एसटी स्टँडवर रसवंती चालवतात. मला परत गावी जाऊन ग्लास विसळावे लागले असते, आणि त्यांनी मला त्याच कामातून बाहेर काढलं होतं. मी खुर्चीत बसलो. पुसायची आज्ञा टाइप केली. शेवटची कळ दाबायची राहिली होती.

मॅडम मला थांबवतील असं वाटलं. त्या थांबवणाऱ्यांतल्या नव्हत्या. पडद्याकडे बघत एवढंच म्हणाल्या, "आधी मोज."

म्हणून मी मधली फाइल उघडली. मोजायलाच उघडली. अठ्ठावीस अर्जांवर एकच मोबाइल नंबर होता. पहिला अर्ज यादीत गेला होता, बाकीचे सत्तावीस माझ्या पाच ओळींनी खाल्ले होते. नावं वेगळी, जन्मतारखा वेगळ्या, आया वेगळ्या. गावं तीन, शेजारशेजारची. आणि तो नंबर कोणाचा असणार, ते मला लगेच कळलं. मलाच कळायला हवं होतं, आधीच. ज्या घरांत कोणी अर्ज भरू शकत नाही, ती घरं तालुक्याच्या केंद्रावर जातात. केंद्रवाला सगळ्यांचे अर्ज भरतो आणि नंबराच्या चौकटीत स्वतःचा नंबर टाकतो, म्हणजे मेसेज आला की तोच पुढचं करून देतो. माझ्या स्वतःच्या अर्जावरही आमच्या स्टँडवरच्या केंद्रवाल्याचाच नंबर होता. या कॉलेजमध्ये माझा प्रवेश झाला, ही बातमी माझ्या घरी त्याच्या तोंडून आली होती.

म्हणजे मी जी चाळणी लिहिली होती, तिच्यातून मीसुद्धा गळलो असतो.

"काय रे?" साहेब म्हणाले. "पाचला यादी लावायची आहे."

मी म्हणालो, "मोजतोय साहेब." आणि नावं वाचायला लागलो. मोठ्यानं. मोठ्यानं का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मनात वाचली असती तर हिंमत गेली असती, एवढंच वाटतं. पहिलं नाव, गाव. दुसरं नाव, गाव. कोपऱ्यातले मामा उठले आणि त्यांनी पंखा बंद केला.

साहेब म्हणाले, "पंखा कशाला बंद केलात?"

मामा लोणी काळभोरचे, रोज बसने यायचे. म्हणाले, "आवाज करतोय लई. पोरगं वाचतंय, तर ऐकू येऊ द्या की."

नवव्या नावाला खिडकीतून एक हात आत आला. गजाला धरून एक गृहस्थ उभे होते, टोपी हातात. "साहेब," ते म्हणाले, "ती आमची हाय. काय झालं तिचं?"

मॅडम खिडकीकडे वळून म्हणाल्या, "काही झालं नाही भाऊ. तुमची मोजायची राहिली होती. मोजून राहिलो." मग माझ्याकडे पाहून, "थांबला काऊन? दहावं वाच."

मी सत्ताविसाव्या नावापर्यंत वाचलं. तोवर खिडकीत गर्दी झाली होती. साहेब खिडकीकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, "यादी उद्या अकराला लागेल. प्राचार्यांना मी सांगतो." मग दाराशी थांबून म्हणाले, "फलकावर तसं लिहा. स्वच्छ अक्षरात लिहा, नाहीतर त्याचाही अर्थ विचारायला येतील."

दुसऱ्या दिवशी अकराला यादी लागली. सत्ताविसांपैकी एकोणीस जणांना खोल्या मिळाल्या, बाकीच्यांना नाकारण्याचं कारण लेखी मिळालं. त्या टोपीवाल्या गृहस्थांच्या मुलीला खोली मिळाली. मॅडमनी माझ्या पाच ओळी काढल्या नाहीत. माझ्याकडूनच काढून घेतल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "चूक तुझ्याकडून झाली याचं काही नाही. नोंद ठेवली नाही, याचं आहे. पुसणारा माणूस चुकणारच. म्हणून तर अट."

सप्टेंबरात त्यांच्या कंत्राटाची मुदत संपली आणि ते पुढे वाढवलं गेलं नाही. पत्रात कारण होतं, 'सेवेची आवश्यकता नाही'. पत्र वाचून त्या म्हणाल्या, "चला, कारण तरी लिहिलं. माझ्याच नियमात बसवलं मला."

मी काहीच केलं नाही. साहेबांकडे गेलो नाही, अर्ज लिहिला नाही. दिवसभर नुसता खुर्चीत बसून होतो. संध्याकाळी त्यांनी कपाटाच्या किल्ल्या साहेबांच्या टेबलावर एकेक करून ठेवल्या आणि म्हणाल्या, "मोजून घ्या." साहेबांनी खरंच मोजल्या. मला वाटतं, तेवढा मान त्यांनी दिला.

जिन्यात मी विचारलं, "मॅडम, प्रोग्रामच्या वर तुमचं नाव लिहू का? तुम्ही लिहिलाय म्हणून?"

"नाव कशाला? नाव पाहून लोक आधी तेच पुसतात. अट राहू दे." म्हणून इथेही त्यांचं नाव लिहीत नाही.

नंतर मॅडम आपल्या मुलीबरोबर भंडाऱ्याकडे परत गेल्या. पण एक गोष्ट मागे राहिली. 'इतके कमी' हा मेसेज ज्या नंबरवर जायचा, तो त्यांचाच होता. तो नंबर बदलायचं काम माझं होतं. ती ओळ मी कितीतरी वेळा वाचली. बदलली नाही. जे सप्टेंबरात करायला हवं होतं आणि केलं नाही, त्याबदल्यात मी एवढंच केलं.

पुढच्या जुलैत एका सकाळी त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "दोन कमी दाखवते. काय करून राहिला?"

"बघतो मॅडम."

"बघतो नाही. मोजतो म्हण."

त्या मोसमात तीनदा फोन आला. एवढ्या लांबून, कुठल्यातरी अंगणात उभ्या राहून त्या आमच्या कार्यालयावर नजर ठेवून होत्या. मागे कोंबड्यांचा आवाज यायचा. एकदा साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले, तेव्हा पडद्यावर तीच ओळ होती. "हा नंबर ओळखीचा वाटतो," ते म्हणाले.

"हो साहेब."

"वाटतो, एवढंच म्हटलं मी. उत्तर मागितलं नाही." आणि गेले. नंबर बदलायला त्यांनी सांगितलं नाही.

या वर्षी मी एमएस्सीला आहे, कार्यालयात अजून तेच काम करतो. कार्यालयाच्या संगणकांचं काम आता ज्या नव्या कंपनीकडे आहे, तिचा माणूस दोनदा सांगून गेला, की एवढ्या फायली धरून ठेवायची पद्धत आता कुठे राहिलेली नाही, ती अट काढा. मी नाही म्हणालो. मला नाही म्हणायची सवय नाही, त्यामुळे ते जरा मोठ्यानं निघालं. साहेबांनी केबिनमधून मान वर केली आणि परत खाली घातली.

मागच्या आठवड्यात बेरीज चुकली. तीन कमी. मला मनातून बरंच वाटलं, कारण आता फोन येईल. पहिल्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशी मी मोबाइल टेबलावर उलटा न ठेवता सुलटा ठेवला. नाही आला. तिसऱ्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली. तीन मुलं आत अडकली होती आणि मी फोनची वाट बघत होतो. मी मधल्या फायली उघडल्या आणि मोजायला बसलो. दुपारी सापडल्या. तिघी मुली होत्या. तिघींनी वडिलांच्या नावाची चौकट रिकामी ठेवली होती आणि आईचं नाव लिहिलं होतं. अर्ज एकत्र करणारी नव्या कंपनीची पायरी रिकामी चौकट दिसली की अख्खा अर्जच टाकून देत होती. मी ती दुरुस्त केली. परत चालवलं. बेरीज जुळली. प्रोग्रामने स्वतःहून मधल्या फायली पुसल्या आणि यादी फलकावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला त्यांच्या नंबरवरून फोन आला. मी पहिल्याच घंटीला उचलला आणि त्यांना बोलूच दिलं नाही. "मॅडम, जुळलं! तिघी होत्या, तिघीही सापडल्या. मी मोजलं, मग पुसलं."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मी त्यांची मुलगी बोलते," आवाज आला. "आई एप्रिलमध्येच गेली. कोणाला कळवायचं राहिलं असंल तर माफ करा, तिच्या फोनमध्ये तुमचं नाव नव्हतं. नुसतं 'मोजणारा' असं लिहिलं आहे."

मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेलो.

"तीन दिवस सकाळी मेसेज येऊन राहिला होता, 'तीन कमी' म्हणून. आज आला नाही. आई सांगून गेली होती, की मेसेज थांबला तर या नंबरवर फोन करजो, आणि एवढंच विचारजो. जुळलं म्हणून थांबला, का कोणी बंद केला?"

"जुळलं म्हणून," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "मग हा फोन चालू ठेवते मी."